चोरी किती रुपयांची?

भाजीबाजाराच्या गर्दीत खिशातला चार हजारांचा जुना मोबाइल जातो. फिर्याद द्यायला ठाण्यात जावं, तर अंमलदार सुरुवातीलाच किंमत विचारतो. प्रश्न साधा वाटतो, पण पुढचं बरंच काही त्या आकड्यावर ठरतं.

१८६० च्या दंडसंहितेत तसं नव्हतं. पन्नास रुपयांचा डबा असो की पाच लाखांचा हार, कलम ३७९ खाली चोरी ती चोरीच, आणि ती दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी आपणहून तपासाला लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ नुसार माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामाजिक सेवेची. हा गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात ‘एनसी’ होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आता गंमत पाहा. चोर सापडलेलाच नाही, तर त्याची ही पहिलीच वेळ की दहावी, हे ठाण्यात बसून कोण सांगणार?

भुकेपोटी पाव उचलणाऱ्या पोराला तुरुंगात न टाकता झाडू हाती देणं शहाणपणाचंच. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईचा चार हजारांचा फोन म्हणजे तिची कामं, तिचे पैसे, सगळंच. पाच हजारांची रेघ तिच्या बाजूने ओढलेली नाही.

चोरीची व्याख्या मात्र जुनीच, आणि मोठी कसबी. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीविना, लबाडीच्या हेतूने हलवली की झाली चोरी. घेऊन पळायलाच हवं असं नाही. जमिनीत उभं झाड चोरता येत नाही, तोडलं की येतं. कायदा मालकी नव्हे, ताबा बघतो. म्हणून दुरुस्तीचे पैसे थकल्याने घड्याळजीने अडकवून ठेवलेलं स्वतःचं घड्याळ गुपचूप उचललं, तरी तुम्ही चोर.

त्याच चार हजारांच्या फोनला कोणी हातातून हिसडा मारला, तर कलम ३०४. दखलपात्र, वर अजामीनपात्र. किमतीचा प्रश्नच नाही. आणि लोकलच्या डब्यात गेला, तर कलम ३०५: सात वर्षांपर्यंत कैद. त्यामुळे अंमलदाराचं पुढचं विचारणं असतं, खिशातून गेला की हिसकावला, आणि फलाटावर की डब्यात?