झोपेचा पाठलाग सोडताना
लेखमाला : रात्रीचे विज्ञान (लेखांक सहावा)

डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत केलेला झोपेवरचा एक प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपायला आडवे झालेल्या लोकांना ध्वनिफीत ऐकवायची, एवढीच त्याची मांडणी. काहींना सांगितले होते, ‘जमेल तितक्या लवकर झोपा’. काहींना, ‘वाटेल तेव्हा झोपा’. काहींच्या फितीवर संथ, सुखद संगीत होते, तर काहींच्या फितीवर जॉन फिलिप सूझा यांच्या लष्करी बँडच्या दणदणीत धून. ज्यांच्या वाट्याला बँडही आला आणि लवकर झोपण्याची घाईही, त्यांना झोप लागणे विशेष अवघड गेले.

निद्रानाशाने बेजार झालेल्या माणसाच्या उशाशी बँड वाजत नसतो. पण घराचा हप्ता, मुलीची दहावी, सकाळची सात-बाराची लोकल हे सगळे डोक्यात वाजतच असते. त्यात घाईची भर त्याची तोच घालतो. आता झोपलो तर पाच तास मिळतील. आता झोपलो तरी चार मिळतील. हा हिशेब सुरू झाला की रात्र हातची गेली, हे ज्याने भोगले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

गेल्या आठवड्यात आपण स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली झोपेची दुहेरी यंत्रणा पाहिली. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे रसायन साठत जाते आणि झोपेची ओढ वाढवते. दुसरीकडे शरीरातले चोवीस तासांचे घड्याळ झोपेची वेळ ठरवते. या दोन्ही गोष्टींवर आपल्या इच्छेचा थेट हुकूम चालत नाही. हात उचलायचा ठरवला की उचलता येतो, झोपेचे तसे नाही. १९६४ च्या जानेवारीत सॅन दिएगोच्या सतरा वर्षांच्या रँडी गार्डनरने २६४ तासांचे, म्हणजे अकरा दिवसांचे जागरण संपवले. त्यानंतर तो चौदा तासांहून थोडा अधिक झोपला. अकरा रात्रींची थकबाकी तासाला तास अशी फेडावी लागली नाही. शरीराने आपल्या रीतीने बरीचशी भरपाई करून घेतली. (हा प्रयोग कुणीही करून पाहू नये. त्या अकरा दिवसांत त्याची चिडचिड वाढली, स्मरणशक्ती अडखळली आणि भासही झाले.)

मग ही यंत्रणा शाबूत असताना माणूस महिनोन्‌महिने तळमळतो कशाने? न्यूयॉर्कचे आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात याचे जे उत्तर दिले, ते आजही निद्रानाशाच्या उपचारांचा पाया आहे. काहींची प्रकृतीच हलक्या झोपेची असते. मग काहीतरी घडते: वडिलांचे आजारपण, गेलेली नोकरी, बाळंतपण. झोप उडते. इथपर्यंत सारे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांची झोप प्रसंग ओसरला की परत येते. काहींची मात्र येत नाही, कारण दरम्यान त्यांनी झोप वाचवायच्या खटपटी सुरू केलेल्या असतात. नऊलाच अंथरुणाला पाठ टेकायची, सकाळी उशिरापर्यंत पडून राहायचे, दुपारी भरपाई करायची, लग्नकार्याला जाणे टाळायचे, चहा बंद, टीव्ही बंद, रात्री बोलणेही बंद. मूळ कारण कधीच निघून गेलेले असते. आता निद्रानाशाला खतपाणी मिळते ते या खटपटींमधून.

ग्लासगोत आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये काम केलेले कॉलिन एस्पी यांनी हाच धागा २००६ मध्ये आणखी नेमका पकडला. चांगल्या झोपणाऱ्याला विचारा, तू झोपण्यासाठी काय करतोस? त्याला उत्तर देता येत नाही, कारण तो काहीच करत नाही. निद्रानाश जडलेल्या माणसाचे आधी लक्ष झोपेकडे वळते, मग झोपण्याचा निश्चय होतो आणि शेवटी प्रयत्न सुरू होतो. या तीन पायऱ्या चढेपर्यंत आपोआप घडणारी गोष्ट बंद पडलेली असते. प्रयत्न म्हणजे सावधपणा, आणि सावध मेंदू झोपत नाही. एस्पी आणि त्यांचे सहकारी नायल ब्रूमफील्ड यांनी तर या ‘झोपेच्या प्रयत्ना’चे मोजमाप करणारी सात प्रश्नांची प्रश्नावलीच तयार केली.

मनगटावर झोप मोजणारे घड्याळ बांधून झोपण्याच्या आजच्या सवयीने या प्रयत्नाला नवे हत्यार मिळाले आहे. अमेरिकेतल्या केली बॅरन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या एका तरुणीची प्रयोगशाळेत रात्रभर तपासणी झाली. तिला गाढ झोप लागल्याचे मेंदूच्या आलेखावर दिसत होते. तरीही तिचा प्रश्न कायम होता: मग माझे यंत्र झोप वाईट का दाखवते? ऑक्सफर्डमधल्या दुसऱ्या एका अभ्यासात, २०१८ मध्ये, निद्रानाशाच्या रुग्णांना अशाच यंत्राच्या नावाखाली खोटे निकाल दाखवले गेले. ‘काल तुम्ही नीट झोपला नाहीत’ असे ज्यांना कळवले, त्यांना दिवसभर अधिक मरगळल्यासारखे वाटले. दिवस बिघडवायला प्रत्यक्ष रात्र बिघडावीच लागते असे नाही. ज्याला झोपेची धास्ती आहे त्याने ते घड्याळ रात्री काढून ठेवावे, हा सल्ला इथे निःसंकोच द्यावासा वाटतो.

प्रयत्न सोडण्याची वाट मात्र एस्पींच्या कितीतरी आधी, जपानमध्ये सापडली होती.

शोमा मोरिता (१८७४–१९३८) तोक्योत वैद्यकशास्त्र शिकत होते. धडधड, थकवा, नसांचा अशक्तपणा अशा नाना तक्रारींसाठी त्यांचे औषधपाणी चालू होते. परीक्षा तोंडावर आली असताना घरून येणारे पैसे आले नाहीत. संतापलेल्या मोरितांनी औषधे सोडली, प्रकृतीचे काय व्हायचे ते होवो म्हटले आणि रात्रंदिवस अभ्यासाला जुंपून घेतले. परीक्षा चांगली गेली, पण त्याहून नवल म्हणजे इतकी वर्षे जपलेल्या तक्रारी त्या काळात मावळल्या. पुढे मनोविकारतज्ज्ञ झाल्यावर १९१९ च्या सुमारास त्यांनी जी उपचारपद्धती उभी केली, तिचे बीज या अनुभवात होते.

मोरिता रुग्णाला स्वतःच्या घरीच ठेवून घेत. पहिला आठवडाभर रुग्णाने एकट्याने खोलीत पडून राहायचे. वाचन नाही, गप्पा नाहीत, करमणूक नाही. भीती आली तर येऊ द्यायची, झोप नाही आली तर न येऊ द्यायची, कशालाच हाकलायचे नाही. दुसऱ्या टप्प्यात हलकी कामे सुरू होत, बागेत, अंगणात. अंथरुणातला वेळ सात-आठ तासांवर आणला जाई. तिसऱ्यात अंगमेहनतीची कामे, आणि मग परतीची तयारी. भावना जशी आहे तशी असू द्यावी आणि हातातले काम करत राहावे, हा सगळ्याचा गाभा. अंथरुणातला वेळ आखून देण्याची गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे, कारण १९८७ मध्ये स्पीलमन यांनी जगापुढे ठेवलेल्या उपचारात हाच घटक मध्यवर्ती आहे.

व्हिएन्नाच्या व्हिक्टर फ्रँकल यांनी आणखी धिटाईने उलटी वाट धरली. ज्याला झोप येत नाही त्याने जागे राहण्याचाच संकल्प करावा. दिवा मालवून आरामात पडावे, डोळे उघडे ठेवावेत आणि झोपायचा प्रयत्न करू नये. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मायकेल ॲशर आणि राल्फ टर्नर यांनी अमेरिकेत या युक्तीची पद्धतशीर तपासणी केली. तेव्हापासून झालेल्या चाचण्यांचा आढावा स्वीडनच्या संशोधकांनी अलीकडे घेतला, तेव्हा झोपेची धास्ती कमी करण्यात ही पद्धत सरस दिसली. पण पुरावा अजून मर्यादित आहे. अमेरिकेच्या निद्रावैद्यक संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात एकट्या या पद्धतीची शिफारस केलेली नाही. मात्र त्याच मार्गदर्शनात ‘चहा टाळा, खोली अंधारी ठेवा’ ही पथ्ये एवढाच उपचार म्हणून देऊ नयेत, असेही सुचवले आहे.

महाराष्ट्रातून या विचाराला जाऊन मिळणारी एक वाट इगतपुरीची आहे. धम्मगिरी इथे १९७६ पासून सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची विपश्यना शिबिरे चालतात. पहाटे चारला घंटा होते. नव्या जागी, मौनात पुष्कळांना पहिल्या रात्री झोप लागत नाही. तिथे शिकवण अशी की चिंता न करता पडल्या पडल्या शरीरातल्या संवेदना समतेने पाहत राहाव्यात. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये बौद्ध ध्यानपरंपरेच्या आधाराने तणावासाठी कार्यक्रम आखला. जेसन ऑन्ग यांनी पुढे तोच निद्रानाशासाठी वळवून घेतला.

या साऱ्यात एक खाचखळगा आहे आणि बहुतेक जण तिथेच अडखळतात. ‘मी स्वीकार केला, आता झोप यायला हवी’ असे म्हणत माणूस पंधरा मिनिटांनी पुन्हा घड्याळ पाहतो. म्हणजे पाठलाग तसाच चालू राहिला, फक्त वेश बदलला. आईच्या हातचे जायफळ घातलेले दूध किंवा काशाच्या वाटीने तळपायाला चोळलेले तेल यांचेही तसेच होते. सुखासाठी घेतले तर ते सुख देते. झोपेची हमी म्हणून घेतले की रोज रात्री त्याचीही परीक्षा सुरू होते. स्वीकार म्हणजे आजची रात्र जागी जाण्याची शक्यता खरोखर मान्य करणे, आणि उद्या थकल्या अंगाने का होईना, ठरलेली कामे करणे. कार्यालयात जाणे, मैत्रिणीला भेटणे, संध्याकाळी फिरून येणे. धास्तीला उतार पडतो तो इथून, कारण वाईट रात्रीनंतरचा दिवसही निभावतो हे माणूस स्वतः पाहतो.

मध्यरात्री काय करावे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितले, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जावे आणि पेंग आल्यावरच परतावे. अंथरूण आणि तळमळ यांची सांगड तुटली पाहिजे. लंडनचे गाय मेडोज शक्यतो अंथरुणातच शांत पडून विसावा घ्यायला सांगतात. बूटझिन यांच्या पद्धतीमागे पुराव्याचे बळ अधिक आहे. पण एका खोलीत चारपाच माणसे झोपतात अशा घरात उठून जायचे कुठे? तिथे उशीला टेकून बसणे, मंद दिव्यात काही वाचणे एवढेही चालते. घड्याळ मात्र नजरेआड हवे.

निद्रानाश आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर डॉक्टरांना जरूर भेटावे. अशा वेळी विचार आणि वर्तन बदलणाऱ्या उपचाराला प्रथम पसंती द्यावी, असे अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्येच म्हटले आहे. खोल नैराश्य, थायरॉइडचे विकार, रात्रपाळी यांमुळे उडालेल्या झोपेवर निव्वळ स्वीकार पुरत नाही. द्विध्रुवी विकार किंवा अपस्मार असलेल्यांनी अंथरुणातला वेळ कमी करण्याचा प्रयोग स्वतःहून मुळीच करू नये. वाहन चालवणाऱ्यांनीही नाही. जोरजोरात घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस तर वेगळ्याच आजाराचा रुग्ण असू शकतो. पुढच्या आठवड्यात त्याविषयी.