मामा, तो कोड पाठवा

घोडेगावच्या कांदा मार्केटजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लिलावाच्या दिवशी चार्जर, स्क्रीनगार्डला गर्दी असते. हल्ली त्या गर्दीतून कुणीतरी फोन पुढं करतं, "दादा, व्हॉट्सॲप आपोआप बंद पडलं."

आपोआप नाही पडत. मी आधी विचारतो, सहा आकडी कोड कुणाला दिला का?

परवा नेवासे तालुक्यातले एक तात्या आले. आधी नाही म्हणाले, मग हळू आवाजात बोलले, "भाच्याला दिला. मेसेज त्याचाच होता. मामा, माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, लवकर पाठवा."

भाच्याचं खातं आदल्या रात्रीच चोराकडं गेलं होतं. चोरानं तात्यांचा नंबर आपल्या फोनात टाकला, कोड आला तात्यांच्या फोनवर, आणि तात्यांनी तो देऊन टाकला. तासाभरात सोयऱ्यांच्या ग्रुपवर तात्यांच्या नावानं निरोप फिरला, "दवाखान्यात आहे, वीस हजार टाका." एका व्याह्यांनी टाकलेसुद्धा. चोराला मोबाइलचं फार ज्ञान लागत नाही. मामा भाच्याला नाही म्हणत नाही, एवढं माहीत असलं की त्याचं भागतं.

खातं दहा मिनिटांत परत आलं. आपला नंबर पुन्हा टाकून एसएमएसचा कोड भरला की चोर बाहेर पडतो. मात्र त्यानं आत शिरून स्वतःचा पिन लावला असेल, तर तो निघाला तरी आपल्याला सात दिवस थांबावं लागतं. म्हणून पिन आपण आधी लावायचा. सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सोबत ईमेलही द्या, पिन विसरला तर तोच कामाला येतो. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी संगणक दिसला तर लगेच काढून टाका.

मला खरा त्रास होतो तो लाजेचा. "पोराला सांगू नको," तात्या म्हणत होते. त्या लाजेत दोन तास गेले, आणि व्याह्यांचे पैसे त्याच दोन तासांत गेले. याउलट, ११ ऑगस्ट २०२४ ला खासदार सुप्रिया सुळे यांचा फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झालं. त्यांनी ते त्याच दिवशी जाहीर केलं, फोन-मेसेज करू नका म्हणून लोकांना कळवलं आणि पोलिसांत तक्रार दिली. असंच करायला हवं. खातं गेलं की आधी साध्या फोनवरून चार घरी कळवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळलं तर ती अडवता येते.

आणि भाच्यानं कोड मागितला, तर त्याला साधा कॉल करा. आवाज ऐका. तरीही कोड देऊ नका.

पिन लावायला जमत नसेल तर दुकानात या. मी पैसे घेत नाही. आकडे मात्र तुम्हीच दाबा, आणि मलाही सांगू नका.