कळविण्याजोगा दोष कोणता?

माणसाने लिहिलेला संगणकाचा कार्यक्रम यंत्राच्या भाषेत उतरवून देणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शेगावला 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे सी भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याची जीसीसी या कंपायलरशी गाठ पडतेच. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 साली तो प्रथम लोकांपुढे ठेवला. तो सर्वांना खुला आहे आणि त्यातील दोष कोणालाही कळविता येतो. म्हणून काय कळवावे आणि काय कळवू नये, हा प्रश्न आपलाही आहे.

जीसीसीला शेकडो मापे ठरवून देता येतात. एकच काम फिरून फिरून करणारा भाग जास्तीत जास्त किती वेळा उलगडून लिहावा, याचे नेहमीचे माप 8 आहे. कोणी ते एक अब्ज केले आणि कंपायलर कोलमडला, तर तो दोष म्हणावा काय? जीसीसीची पुस्तिका सांगते की, मजकूर कसलाही असो, कंपायलर कोलमडला की तो कंपायलरचाच दोष. पण तीच पुस्तिका असेही बजावते की, ही मापे यंत्रणेच्या अंतरंगाशी बांधलेली असून पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात. ही दोन्ही वचने एकत्र वाचावयास हवीत.

जिनिंगच्या यंत्रात बेसुमार कापूस कोंबला तर ते अडणारच. त्यात नवल नाही. परंतु त्या ताणामुळे आतला एखादा सैल खिळा दिसून आला, तर तो साध्या भारातही एखाद्या दिवशी घात करील. आपणही हेच विचारावे: अतिरेकी मापाने बिघाड घडविला, की आधीच असलेला बिघाड उघड केला?

याचे उत्तर मिळविण्याची रीत सोपी आहे. माप क्रमाने उतरवीत आणावे: अब्जावरून हजार, मग शंभर, मग सोळा. मोठ्या मापाला केवळ स्मृती अपुरी पडत असेल आणि माप उतरताच काम सुरळीत होत असेल, तर सहसा कळविण्याचे कारण नाही. माप नेहमीच्या जवळ आले तरी ‘अंतर्गत चूक’ असा संदेश येत राहिला, तर अवश्य कळवावे. मूळ कार्यक्रम शुद्ध आहे ना, हेही पाहावे. अशुद्ध मजकुराची चूक दाखवून झाल्यावर कंपायलर कोलमडला, तर त्याची निकड कमी. सी भाषेच्या प्रमाणग्रंथाने कंसात कंस अशा 63 पातळ्यांची किमान अपेक्षा ठेवली आहे. तेवढ्यात कोलमडणे गंभीर. लाख पातळ्यांवर कोलमडणे तितके नव्हे. आणि कळविताना कार्यक्रम छाटून चार-दहा ओळींवर आणावा.

एवढा खटाटोप कशासाठी? अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी आपोआप रचलेले कार्यक्रम कंपायलरांना घालून तीन वर्षांत सव्वातीनशेहून अधिक अज्ञात दोष शोधले आणि 2011 साली ते काम प्रसिद्ध केले. तपासलेला प्रत्येक कंपायलर कोलमडला तर होताच, शिवाय शुद्ध कार्यक्रमाचेही गुपचूप चुकीचे रूपांतर करताना सापडला. कोलमडणारा कंपायलर निदान ओरडून सांगतो. मुका दोष थेट हिशेबात आणि यंत्रात शिरतो. ताणाखाली ऐकू आलेली ओरड कधी कधी अशाच मुक्या दोषाचा माग दाखविते.

दोष दुरुस्त करणारे हात थोडे आहेत. पोकळ तक्रारीने त्यांचा वेळ जातो, आणि खरी तक्रार गिळल्याने सर्वांचे नुकसान होते. म्हणून माप अतिरेकी आहे एवढ्यावरून तक्रार करूही नये आणि टाकूही नये. आधी माप उतरवून पाहावे.