विजेचें माप आणि नदींतील मासे

सदाशिव पेठेपासून मुठा नदी दूर नाहीं. पण तिच्यांत मासे किती उरले, हें सांगणें कठीण आहे. दख्खनच्या माशांवर कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं लिहिलें, पुण्याच्या माशांवर फ्रेझर यांनीं १९४२ सालीं. त्यांवरून जाती कळतात, संख्या नव्हे.

संख्येसाठीं परदेशीं नावेवरून पाण्यांत वीज सोडतात. नावेपुढें लोंबणाऱ्या तारा हें धनाग्र. धातूची नाव बहुधा तीच ऋणाग्र. एकाच दिशेच्या प्रवाहानें मासा धनाग्राकडे ओढला जाऊन सुन्न होतो. त्यास जाळीनें उचलून, मोजून, पुन्हां सोडतात. उलटसुलट प्रवाहानें कण्यास इजा होण्याचें भय अधिक; तो टाळावा हेंच बरें.

खरी अडचण पाण्याची. पावसाळ्यांतील पूर आणि उन्हाळ्यांतील सांडपाणी यांची वाहकता एक नसते. ती माशाच्या शरीराच्या वाहकतेशीं जुळली, तर शक्ति माशांत उत्तम उतरते. अंतर पडलें कीं अधिक शक्ति पुरवावी लागते. हें न पाहतां दोन सालांचे आंकडे ताडणें म्हणजे दोन गांवच्या पायल्यांनीं धान्य मोजणें होय. म्हणून अमेरिकन फिशरीज सोसायटीनें २००९ सालीं प्रमाण पद्धती प्रसिद्ध केल्या. तीनुसार आधीं वाहकता मोजून शक्ति ठरवितात, आणि वीज जितका वेळ चालू होती तेवढ्याच वेळेचा हिशेब धरतात.