नकाशांतील बाग

मुलांनीं कोठें खेळावें व वडीलधाऱ्यांनीं सायंकाळीं कोठें बसावें, हें बव्हंशीं शहराच्या विकास आराखड्यांत ठरतें. नकाशावर ‘बाग’ असें आरक्षण पडलें म्हणजे बाग झालीच, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या १२७ व्या कलमाप्रमाणें, आराखडा अमलांत आल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यांत घेतली नाहीं, तर मालकास नोटीस देतां येते; त्यापुढें २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलें न पडल्यास आरक्षण संपुष्टांत येतें. मसुदा प्रसिद्ध होतांच नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्यांत येतात. त्या मुदतींत प्रत्येक कुटुंबानें आपल्या पेठेचा नकाशा पाहावा, आणि मंजुरीनंतरहि वर्षें मोजीत राहावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.