मेणवलीची फिरंगी घंटा

गेल्या मार्गशीर्षांत वसईकडील एक ख्रिस्ती कुटुंब औंधास आमच्या घरीं दोन दिवस राहिलें होतें. घरचा कर्ता आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा शेजारी. मूळपीठाचा डोंगर व श्रीभवानी संग्रहालय पाहून मोटारीनें परत जावें, आणि वाटेंत एखादें जुनें चर्च असल्यास तेथें क्षणभर थांबावें, असा त्यांचा बेत होता. त्यांच्या वृद्ध मातोश्रींनीं विचारलें, "आमच्या वसईची कांहीं खूण या मुलखांत आहे काय?" आम्ही म्हणालों, "चर्च नाहीं, परंतु चर्चची घंटा आहे." दुसरे दिवशीं आम्हीही त्यांच्याबरोबर निघालों, आणि सातारा व वाई मागें टाकून मेणवलीस उतरलों.

मेणवली हें नाना फडणिसांचें गांव. कृष्णेच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळालगत एका लहानशा दगडी इमारतींत ही घंटा टांगलेली आहे. तिचें वजन सुमारें ६५० किलो सांगतात. तिच्या अंगावर बालख्रिस्तास कडेवर घेतलेल्या मरियामातेची उठावाची आकृति असून १७०७ हा सन आहे. हा सन अर्थात् ख्रिस्ती गणनेचा. ज्या वर्षीं औरंगजेब वारला व शाहूमहाराज सुटून स्वदेशीं निघाले, त्याच वर्षीं ही घंटा ओतली गेली. गांवचे लोक तिला पंचधातूची म्हणतात. तें नांव भक्तीचें समजावें. युरोपीय पद्धतीच्या घंटेंत सामान्यतः चार भाग तांबें व एक भाग कथील असतें. तोफेच्या धातूंत कथील याच्या निम्मेंच असतें, म्हणून आणखी तांबें घालून घंटेची तोफ करितां येत असे. युद्धांत सांपडलेली एवढी मोठी घंटा न वितळतां राहिली, ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हे.

आतां मुख्य मुद्दा. "चिमाजीअप्पांनीं वसई जिंकून ही घंटा मेणवलीस आणिली", असें वाटाडे सांगतात व छापील पुस्तकांतूनही तेंच उतरत आलें आहे. या वाक्याचा पूर्वार्ध ग्राह्य आहे. वसई १७३९ च्या मे महिन्यांत मराठ्यांच्या हातीं आली, आणि तेथील चर्चच्या घंटा सरदारांनीं घांटावर आणिल्या, ही परंपरा अनेक ठिकाणीं एकमुखानें सांगितली जाते. उत्तरार्ध मात्र टिकत नाहीं. अप्पा १७४० च्या डिसेंबरांत वारले. नानांचा जन्मच मुळीं १७४२ चा. आणि मेणवली नानांस मिळाली ती १७६८ च्या डिसेंबरांत, औंधचे भवानराव त्र्यंबक प्रतिनिधि व रघुनाथ घनश्याम मंत्री यांजकडून. (औंधकरांस हें सांगतांना थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनीं क्षम्य मानावा.) नानांचा वाडा, घाट व देवळें हीं त्यानंतरचीं. तेव्हां वसईचा बुरूज पडल्यापासून मेणवलीचा घाट बांधला जाईपर्यंत निदान एकोणतीस वर्षें ही घंटा दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यांत होती. अप्पांच्या हातून ती येथें टांगली गेली नाहीं.

नाशिकचें उदाहरण याला जुळतें. 'नारोशंकराची घंटा' हा शब्दप्रयोग घरोघरीं आहे. त्या घंटेवर १७२१ हा सन आहे आणि नारोशंकराचें देऊळ झालें १७४७ मध्यें, म्हणजे वसईनंतर आठ वर्षांनीं. भीमाशंकरासही अशीच एक घंटा आहे, आणि तेथील शिखर नानांनींच बांधविलेलें. यावरून आमचें अनुमान असें कीं, या घंटा लुटीबरोबर थेट देवळांत गेल्या नाहींत. त्या आधीं सरकारी कारखान्यांत किंवा सरदारांच्या वाड्यांत पडून राहिल्या आणि पुढें ज्याचें देऊळ उभें राहिलें त्यानें मागून घेतल्या. हें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे.

घंटेपाशीं उभें राहून मातोश्रींनीं जो प्रश्न केला तो याहून कठीण होता. "ही आमच्या कोणत्या चर्चची?" वसईच्या कोटांत एकट्या सेंट जोसेफचें मोठें चर्च होतें असें नाहीं, जेसुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या चारही पंथांचीं चर्चें होतीं, आणि कोटाबाहेरच्या गांवांतून आणखी. मरियामातेची आकृति असल्यावरून घंटा तिच्याच नांवाच्या चर्चची ठरत नाहीं, कारण ती आकृति कोणत्याही चर्चच्या घंटेवर घालीत. आम्हांस खोटा दिलासा देववेना. घंटा स्वतः एवढेंच सांगते, असें आम्हीं म्हटलें. बाई कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग आकृतीच्या पायांस हात लावून त्यांनीं आपल्यावर क्रूसाची खूण केली व म्हणाल्या, "आमच्याकडे जुनीं माणसें चर्चला देऊळच म्हणत. देवळांतून देवळांत आली." देवकुल शब्दाचा हा अपभ्रंश वसईच्या ख्रिस्ती बोलींत इतका मुरला असेल, याची आम्हांस कल्पना नव्हती. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी त्रिकाळ प्रार्थनेची घंटा त्यांच्याकडे होते, हेंही त्यांनींच सांगितलें. वसईस ही घंटा फार तर बत्तीस वर्षें वाजली. कृष्णाकांठीं तिला दोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला.

तेवढ्यांत एक सज्जन गृहस्थ चिंच व राख घेऊन आले. पाहुण्यांसाठीं घंटा उजळावी, हा त्यांचा भाव. आम्हीं त्यांस हात जोडून थांबविलें. आकृतीच्या चेहऱ्याच्या रेषा हाताळण्यानें अगोदरच बोथट झाल्या आहेत, आणि खळग्यांत तेल व कुंकू बसलें आहे. घांसून उजळणी आणखी कांहीं वर्षें चालली तर अंकही जातील. कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी, ओला कागद दाबून ठसा घ्यावा, चारही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावींत. याहून अधिक कांहीं करूं नये. त्या गृहस्थांनीं तें मानलें, आणि धाकट्या नातवास लोळा एकदां हलवूं दिला.

मेणवलीचें दप्तर रा. ब. पारसनीस यांनीं उजेडांत आणिलें, व त्यांच्या साताऱ्याच्या संग्रहालयांतील संग्रह १९३९ मध्यें पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. घाटाच्या बांधकामाचे हिशेब, गाडेभाड्याच्या नोंदी, कारखान्यांच्या जिन्नसवार यादी यांत 'घांट' किंवा 'घंटा' हा शब्द १७६८ नंतरच्या कागदांत प्रथम शोधावा. ज्यांच्या घरीं वाई, सातारा किंवा नाशिक प्रांतींचीं जुनीं बाडें असतील त्यांनीं आपलीं पानेंही याच दृष्टीनें एकदां चाळावींत. अशी नोंद सांपडल्यास मूळ कागदाच्या नकलेसह या त्रैमासिकाकडे धाडावी; वसईस त्या मातोश्रींना तें पत्रानें कळविण्याचें आम्हीं कबूल केलें आहे.