मुंबईतील पर्यटन

मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी. सात बेटांमधील उथळ समुद्रात भर घालून या शहराची आजची भूमी घडली. प्रेक्षणीय स्थळे मुख्यत्वे दक्षिण भागात असल्याने त्यांतील बरीचशी दोन दिवसांत पाहून होतात. गिरणगाव मात्र सहसा राहून जाते आणि त्यावाचून शहराची ओळख अपुरी राहते.

फोर्ट परिसर

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८८८ मध्ये पूर्ण झाली. २००४ मध्ये तिला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ओव्हल मैदानात मधोमध उभे राहिल्यास पूर्वेला विद्यापीठ व उच्च न्यायालयाच्या गॉथिक इमारती, तर पश्चिमेला आर्ट डेको शैलीची निवासी घरे दिसतात. हा परिसर २०१८ मध्ये वारसा यादीत आला. जवळच्या हुतात्मा चौकात पर्यटक बहुधा फ्लोरा फाउंटनचेच छायाचित्र घेतात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी येथेच संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला होता. शेजारचे स्मारक त्या लढ्यातील हुतात्म्यांचे आहे.

घारापुरी

गेटवे ऑफ इंडियापासून बोटीने सुमारे तासाभरात या बेटावर पोहोचता येते. सोमवारी लेणी बंद असतात. येथील भव्य त्रिमुखी शिल्प ‘त्रिमूर्ती’ म्हणून प्रसिद्ध असले, तरी अभ्यासक ते सदाशिवाचे मानतात. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तो आता बेटावर नाही; भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

गिरणगाव

लालबाग, परळ, वरळी या भागांत कोकणातून व घाटावरून आलेले कापडगिरणी कामगार राहत. कुटुंब गावी ठेवून आलेल्यांचे जेवण खानावळींवर चाले. त्या चालवणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाद्वारे संघटित केले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागी आज मॉल व उंच इमारती दिसतात. मधूनच एखादी चिमणी उरलेली आढळते. चाळीही झपाट्याने पाडल्या जात असल्याने ज्यांना त्या पाहायच्या आहेत त्यांनी विलंब करू नये. चाळ हे लोकांचे घर आहे, याचे भान ठेवून विचारूनच आत जावे.

खाद्यपदार्थ

वडापाव हे मुंबईचे सर्वपरिचित खाणे; सोबत लसणाची सुकी चटणी हवीच. मालवणी खानावळींत बोंबील, सुरमई व सोलकढी मिळते. गिरगाव-दादरच्या जुन्या उपाहारगृहांत थालीपीठ, मिसळ व पियूष मिळते. इराणी हॉटेलांतील ब्रून-मस्का आणि चहा अजून टिकून आहे, पण अशी हॉटेले आता थोडीच राहिली आहेत.

प्रवास

लोकल हे सर्वांत स्वस्त व जलद साधन आहे. सकाळी दक्षिणेकडे व संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना अतोनात गर्दी असते. नवख्यांनी, विशेषतः सामान सोबत असल्यास, दुपारी प्रवास करावा. पावसाळ्यात समुद्र खवळल्यास घारापुरीच्या बोटी बंद राहतात.